चौदा संगणक, त्रेचाळीस हात

हेडसर आणि गणिताच्या बाई एकमेकांशी बोलत नव्हते, त्याला सव्वा महिना झाला होता. शाळा काही त्यामुळे अडली नव्हती. हेडसरांना काही सांगायचं असलं की ते अर्ध्या कागदावर लिहीत, कागदाची घडी घालत आणि शिपाईमामांच्या हातात देत. मामा जिना चढून सातवीच्या वर्गावर जात. बाई कागद वाचत, त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर लिहीत आणि मामा जिना उतरत.

"भांडण तुमचं आणि गुडघे माझे," असं मामांनी दोघांनाही वेगवेगळं ऐकवून पाहिलं होतं. दोघांनीही मान हलवली होती आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिठ्ठी दिली होती.

भांडण होतं संगणकांवरून. सरकारी शाळांतल्या मुलांनाही संगणक शिकवायचा, म्हणून वरून एक योजना आली होती आणि तिच्यात या शाळेला पंधरा संगणक मिळाले होते. त्यातला एक खोक्यातून निघाला तोच मेलेला. उरले चौदा. सातवीत मुलं त्रेचाळीस. बाईंनी तिघातिघांच्या टोळ्या पाडून पाळ्या लावल्या, वेळापत्रक फळ्याशेजारी चिकटवलं. दुसऱ्या दिवशी ते वेळापत्रक जागेवर नव्हतं. हेडसरांनी चौदा मुलं निवडली होती. ज्यांच्या घरी संगणक होता, ज्यांचे कपडे धुतलेले असत आणि ज्यांचे आईवडील शाळेत आले की खुर्ची द्यावी लागे, अशी चौदा. बाकीच्या एकोणतीस जणांनी मागच्या बाकांवर वही घेऊन बसायचं आणि बघायचं.

"ज्यांना येतं त्यांना बसवलं की मोडतोड होत नाही," हेडसर म्हणाले होते.

"ज्यांना येतं त्यांना शाळेत बोलावताच कशाला मग?" बाई म्हणाल्या होत्या. "घरी राहू देत. दोन बाक तरी मोकळे होतील."

वाद महिनोन्महिने धुमसत राहिला आणि सव्वा महिन्यापूर्वी हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत, सगळ्यांसमोर, चहाच्या वेळेला बोललं गेलं. कुणीतरी हसलं. हेडसरांनी कप खाली ठेवला आणि अबोला सुरू झाला.

बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. संगणक त्या गेल्याच वर्षी शिकल्या, तेही बहिणीच्या मुलाकडून, फोनवर. भाचा वैतागायचा. "मावशी, घाबरतेस काय त्याला? तो तुझ्यापेक्षा मठ्ठ आहे. तू सांगशील तेवढंच करतो, आणि सांगशील तस्संच करतो." बाईंना ते एकदम पटलं. तेहेतीस वर्षं मुलांना शिकवण्यात घालवल्यावर, सांगितलेलं तस्संच करणारं कुणी भेटणं ही बाईंच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती.

हेच त्यांनी मागच्या एकोणतीस मुलांना धरून शिकवायला घेतलं. संगणक मिळत नाही ना, मग आपणच संगणक व्हायचं. एकाने कागदावर सूचना लिहायच्या, दुसऱ्याने त्या पाळायच्या, स्वतःचं डोकं अजिबात चालवायचं नाही. पहिल्याच दिवशी एकाने लिहिलं, 'बाटली नळाखाली धर. पाणी भर.' त्याच्या जोडीदाराने झाकण न काढताच बाटली नळाखाली धरली आणि दोघंही कोपरापर्यंत भिजले.

"अरे झाकण काढ ना, मूर्खा!"

"तू लिहिलं होतंस का झाकण काढ म्हणून? मी मठ्ठ आहे. बाईंनी सांगितलंय."

मग मुलं 'जर', 'तर' आणि 'नाहीतर' शिकली. जर झाकण लावलेलं असेल तर काढ, नाहीतर पुढे जा. मैदानावर चुन्याने रेघा मारून ती चौकोनात चालली, त्रिकोणात चालली, किती पावलं आणि कुठे किती वळायचं ते कागदावर लिहून चालली. चुकली की भिंतीवर आपटायची, मग कागद घेऊन बसायची आणि चूक शोधायची.

या सगळ्यांत पुढे असायची ती शंका. तिचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण पहिलीपासून तिला सगळे शंकाच म्हणत, कारण तिला दर वाक्याला एक शंका यायची. आई इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला, वडील नाहीत. पोरगी डावखुरी, आणि जिभेला हाड नसलेली.

योजनेचं वर्ष संपत आलं तशी तपासणीची तारीख आली. ठरलं होतं ते असं. तपासणीला अधिकारी येणार. त्यांना शाळा लायक वाटली तर संगणक कायमचे शाळेचे, विषय पाचवीपासून सगळ्या वर्गांना, आणि त्यासाठी एक शिक्षकही मिळणार. लायक वाटली नाही तर संगणक उचलून यादीतल्या पुढच्या शाळेला.

त्या आठवड्यात मामांनी आणलेली चिठ्ठी नेहमीपेक्षा लांब होती. 'तपासणी होईपर्यंत माझ्या पद्धतीने चालेल. आपण मध्ये पडू नये. तपासणी पार पडली की खोलीची किल्ली आपल्याकडे देतो. मग त्रेचाळीस बसवा नाहीतर चारशे.'

बाईंनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. मग पाठीवर लिहिलं, 'शब्द पाळा म्हणजे झालं.'

तपासणीच्या तीन दिवस आधी हेडसर स्वतः संगणकाच्या खोलीत आले. बाई दारात उभ्या होत्या. हेडसर त्यांच्याकडे न बघता मुलांना म्हणाले, "हे बघा. पाहुणे प्रश्न विचारतील. प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. सगळ्यांनी. ज्याला उत्तर येतंय त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. मी उजव्या हातवाल्यांनाच उठवीन. कळलं?"

"हो सर," असा एकसुरी गजर झाला.

"सर, मला शंका आहे."

"तुला नसती तर नवल होतं. बोल."

"सर, मी डावखुरी आहे. मला उत्तर येत असलं आणि सवयीने डावाच वर गेला तर?"

"तुला काही येणार नाहीये," हेडसर म्हणाले. "तेव्हा ती काळजी तू करू नकोस."

पुढचे चौदा जण हसले. बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. तोंडाशी आलेलं त्यांनी गिळलं. किल्ली, त्या स्वतःला म्हणाल्या. तीन दिवस. मग किल्ली.

तालमी अकरा वेळा झाल्या. बाई अकराही वेळा दारात उभ्या राहिल्या आणि अकराही वेळा गप्प बसल्या.

तपासणीला आलेल्या मॅडम बुटक्या होत्या. त्यांनी चहा नको म्हटलं, पुष्पगुच्छ मामांच्याच हातात परत दिला आणि त्या थेट खोलीत शिरल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. फाईल छातीशी धरून बाकांमधून फिरत राहिल्या.

चौदा मुलांनी चौदा पडद्यांवर एकसारखा चौकोन काढून दाखवला. मग एकसारखी चांदणी. हेडसर हात चोळत म्हणाले, "मॅडम, काहीही विचारा."

"चौकोनाऐवजी त्रिकोण हवा असेल तर काय बदलाल?"

त्रेचाळीस हात वर गेले. हेडसरांनी वर्गाच्या मॉनिटरला उठवलं. मॉनिटर पुढच्या चौदांतला, उजवा हात कानाला चिकटवून ताठ बसलेला. त्याने पाठ केलेलं उत्तर एका दमात म्हणून टाकलं.

मॅडमनी दुसरा प्रश्न विचारला. त्रेचाळीस हात. तिसरा विचारला. त्रेचाळीस.

"छान," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा काही छान दिसला नाही. "मी बऱ्याच शाळा बघते, सर. जिथे झाडून सगळे हात वर होतात ना, तिथे मला धास्ती वाटते. ती उठू दे. खिडकीजवळची, डावा हात वर केलेली."

"ती जरा मागे आहे मॅडम. अभ्यासात."

"मागे बसलीये, ते दिसतंय. ऊठ गं. त्रिकोणाला वळायचं किती?"

"एकशेवीस," शंका म्हणाली.

"साठ नाही?"

"साठ आतला असतो. चालणारा बाहेरून वळतो ना. साठ वळलं की आपण त्रिकोणात राहतच नाही, सहा बाजूंचं काहीतरी होतं. आम्ही मैदानात चालून बघितलंय. हा भिंतीवर आपटला होता." तिने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. शेजाऱ्याने कपाळ चोळून दुजोरा दिला.

मॅडम पहिल्यांदाच थांबल्या. "मग संगणकावर करून बघितलंस?"

"नाही. आम्ही हात लावायचा नसतो. आम्ही कागदावर करतो."

"पाळ्या आहेत, मॅडम," हेडसर घाईने म्हणाले. "हिची पाळी..."

"सर, मी तिच्याशी बोलतेय." मॅडमनी खडू शंकाकडे दिला. "या खोलीत तुम्ही जे रोज करता, त्यातलं कुठलंही एक काम घे आणि त्याचा प्रोग्रॅम लिहून दाखव. तुझा स्वतःचा. पाठ केलेला नको."

शंका फळ्याकडे निघाली तेव्हा बाईंना बरं वाटलं. आता ती बाटली लिहील, बाई मनाशी म्हणाल्या, नाहीतर बुटाची नाडी. नाडीचा तिचा प्रोग्रॅम एकवीस ओळींचा होता आणि त्यात एकही चूक नव्हती.

शंकाने डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली.

'जर पाहुणे आले असतील तर:'

डस्टर बाईंच्याच हातात होतं. दोन पावलं पुढे जाऊन 'अगं, नाडीचा लिही' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. शंका लिहीतच होती, ओळीखाली ओळ, बाईंनी शिकवलं होतं तशी नीट जागा सोडून.

'प्रश्न ऐक.
जर उत्तर येत असेल तर उजवा हात वर कर.
नाहीतर डावा हात वर कर.
सर: जर हात डावा असेल तर दिसला नाही असं समज.
सर: जर हात उजवा असेल तर त्याला उठव.'

आणि मग, समास सोडून, 'नाहीतर (पाहुणे आले नसतील तर): जर उत्तर येत नसेल तर खाली बघ.'

खडू ठेवून तिने हात फ्रॉकला पुसले. चेहऱ्यावर भीती नव्हती, कावा तर मुळीच नव्हता. गणित सुटल्यावर असतो तसा चेहरा होता.

मॅडमनी फळा वाचला. सावकाश. मग मागे वळून न बघताच म्हणाल्या, "सगळ्यांनी हात खाली घ्या." तोवर दोन-तीन हात अजून वरच होते. "हे कोणी शिकवलं तुला?"

"जर-तर बाईंनी," शंका म्हणाली. "हात सरांनी."

हेडसरांचा चेहरा कानापर्यंत तापला होता. सव्वा महिन्यात पहिल्यांदा ते बाईंशी थेट बोलले.

"बाई, नीट बघा. मुलीचा गैरसमज झालाय. तो खेळ होता. सांगा मॅडमना."

मॅडम बाईंकडे वळल्या. "तुम्ही शिकवता ना हिला? सांगा मग. हा प्रोग्रॅम बरोबर आहे का?"

हेडसर बाईंकडे रोखून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत किल्ली होती. बाईंना सगळं स्वच्छ दिसत होतं. खेळ होता म्हटलं की झालं. मॅडमना पटो न पटो, कागदावर लिहायला तेवढं पुरतं. उद्यापासून चौदा संगणक, त्रेचाळीस मुलं, पाळ्या, शिवाय पाचवी-सहावीही. त्यासाठी एका मुलीचा बरोबर आलेला प्रोग्रॅम चूक ठरवायचा. एवढंच.

शंका बाईंकडे बघत उभी होती. बरोबरची खूण कधी होते त्याची वाट बघत.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. मग फळ्याशी गेल्या. "एक ओळ राहिलीये." त्यांनी खडू घेतला आणि सरांच्या दोन ओळींखाली आपल्या गोल अक्षरात लिहिलं, 'बाई: जर हे माहीत असेल तर गप्प बस.' आणि शेवटी, सगळ्या प्रोग्रॅमखाली, एक मोठी बरोबरची खूण केली.

हेडसरांच्या खोलीत मॅडम उभ्यानेच बोलल्या. "ठरवून केलेली तपासणी आम्ही नापास धरतो. सोमवारी दुपारी माणसं येऊन संगणक उचलतील."

"मॅडम, कुठलंही मूल उठवा," बाई म्हणाल्या. "मागचं कुठलंही. परीक्षा घ्या. ते नापास झालं तर संगणक न्या."

"मुलं पास आहेत, बाई. शाळा नापास आहे. माझा फॉर्म शाळेचा आहे." मॅडमनी फाईल बंद केली. "आणि तुम्ही शेवटी खरं बोललात, तेही बघितलं मी. त्याला या फॉर्ममध्ये रकाना नाही. आधीच बोलल्या असतात तर मला कळवता आलं असतं, मला काही करता आलं असतं. तेव्हा तुम्ही गप्प बसलात."

मॅडम गेल्या.

"झालं मनासारखं?" हेडसर म्हणाले. "वाटोळं केलंत. पाचवीपासून मिळालं असतं सगळ्यांना. माझी हातांची एक युक्ती तुम्हाला सहन झाली नाही."

"सोमवारपर्यंत किल्ली द्या."

"शब्द तपासणी पार पडल्यावरचा होता. पडली का पार?"

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडसरांनी सगळ्या शाळेला सांगितलं, की सातवीतल्या एका मुलीच्या आगाऊपणामुळे शाळेचे संगणक चालले आहेत. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. वर्गात बाई पोचल्या तेव्हा शंकाचं दप्तर कचऱ्याच्या डब्यात होतं, तिच्या बाकावर खडूने 'चुगलखोर' लिहिलेलं होतं आणि ती त्या अक्षरांवरच वही ठेवून, ओठ आवळून बसली होती. तिच्या बाकावर दुसरं कुणीही नव्हतं. मागच्या बाकांवरचेही तिच्यापासून सरकले होते.

बाईंनी दप्तर काढलं, झटकलं, तिच्यापुढे ठेवलं.

"कुणी लिहिलं, ते मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "कशाबद्दल राग आहे, ते सांगा."

मॉनिटर उठला. त्याचे डोळे लाल होते. "संगणक गेले. हिच्यामुळे. आणि तुमच्यामुळे. तुम्ही चूक म्हणायला हवं होतं."

"ती बरोबर होती."

"असू दे ना! बरोबर असून काय उपयोग? गेले ना?"

एवढ्या मोठ्याने बाईंशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

"गेले," बाई म्हणाल्या. "तुझं खरं आहे. पण तिच्यामुळे नाही, मी आधी गप्प बसले म्हणून. राग माझ्यावर काढ. दप्तर टाकायचंच असेल तर माझी पिशवी टेबलावर आहे." पिशवीला कुणी हात लावला नाही. "अजून गेलेले नाहीत पण. सोमवार दुपार आहे. तू वर्षभर शिकलास ना? चला खाली सगळे. तू हिला शिकवायचंस."

"मी नाही हिच्याजवळ बसणार."

"उभं राहून शिकव मग."

खोलीचं दार उघडंच होतं. आत मामा फडकं घेऊन एका पडद्यावरून हात फिरवत होते. "हेडसर म्हणाले किल्ली बाईंना द्यायची नाही," मामा म्हणाले. "मी कुठे दिली? मी धूळ पुसायला उघडलंय. या खेपेला बरीच धूळ आहे. सोमवारपर्यंत पुरेल."

हेडसर दोनदा दारात येऊन गेले. पहिल्यांदा म्हणाले, "मामा, तुमच्यावर लेखी कारवाई होईल." मामा म्हणाले, "लेखी द्या सर. चिठ्ठ्यांची सवय आहे मला." दुसऱ्यांदा आले तेव्हा नुसते बघत राहिले. मागच्या बाकांवरची एक मुलगी कळफलकावर एका बोटाने, जणू गरम तव्याला हात लावावा तशी, अक्षरं शोधत होती आणि पुढची एक तिच्यावर खेकसत होती. "अगं वरच्या रांगेत! वरच्या!" प्रेमाने कुणीच कुणाला शिकवत नव्हतं. पण मुलं शिकवत होती.

सोमवारी दुपारी तीन माणसं आली. त्यांच्याकडे ढकलगाडी होती आणि यादी. बाईंनी त्यांना दाराजवळच्या टेबलापासून सुरुवात करायला लावली. एकेक पडदा काळा होत गेला, वायरी गुंडाळल्या गेल्या, टेबलावर धुळीत कोरा चौकोन तेवढा उरला. मुलं उठून मागे भिंतीला टेकून उभी राहिली. खिडकीजवळच्या शेवटच्या संगणकावर शंका बसली होती. तिच्या मागे, तीन दिवस तिच्याजवळ न बसलेला मॉनिटर उभा होता.

"तुझं चुकलंय. तो थांबतच नाहीये."

"मला दिसतंय. थांब ना जरा."

"तू त्याला थांब म्हणून सांगितलंच नाहीस, मूर्ख."

"सांगितलंय! उगाच 'जर'च्या आत सांगितलंय. बाहेर सांगायला हवं." ती ओळ खोडून पुन्हा लिहायला लागली. मॉनिटर नकळत तिच्या बाकाच्या कडेवर टेकला. ढकलगाडीवाला त्यांच्या मागे येऊन उभा राहिला आणि पडद्याकडे बघत, घाम पुसत, वाट बघत थांबला.

"उचला हो," दारातून हेडसर ओरडले. "सिनेमा चाललाय का?" मग, बाई शेजारीच होत्या म्हणून, खालच्या आवाजात म्हणाले, "तीन दिवस नाचवलीत पोरं. झालं समाधान?"

"नाही," बाई म्हणाल्या. "बेचाळीस झाली. एक तापाने घरी आहे, त्याची पाळी राहिली."

हेडसरांनी खांदे उडवले आणि ते जिन्याकडे वळले. ढकलगाडीवाल्याने यादीवर शेवटची खूण केली. "पोरांनो, झालं का रे?"

"झालं," शंका म्हणाली आणि उठली. मॉनिटरने वाकून वायर काढली.